टॉकी टीना घडवतेय : कृष्णधवल बाहुलीचा रंग कुठला धरायचा?

चिंधीबाहुली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले पाच महिने माझ्या तळघरातल्या टेबलावर एक बाहुली उघडी पडली आहे. डोकं एका डब्यात, धड दुसऱ्यात, डोळे कापसात गुंडाळून तिसऱ्यात. काम अशा जागी अडलंय की आता इथल्या जाणत्या लोकांना विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही.

'द ट्वायलाइट झोन' ही जुनी अमेरिकन मालिका इथे बऱ्याच जणांनी पाहिली असेल. रॉड सर्लिंगची, १९५९ ते १९६४, एकूण १५६ भाग. पाचव्या पर्वातला 'लिव्हिंग डॉल' हा भाग १ नोव्हेंबर १९६३ रोजी सीबीएसवर लागला. आई आपल्या लेकीसाठी किल्लीची बोलकी बाहुली आणते, टॉकी टीना. किल्ली दिली की ती आपलं नाव सांगते आणि माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे असं म्हणते. सावत्र बापाला ती घरात नको असते. आणि तो एकटा समोर असला की बाहुली वेगळंच बोलू लागते, धमक्या देते. तो तिला सुताराच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळतो, ब्लोटॉर्चने जाळू बघतो, करवतीखाली धरतो, पण तिला ओरखडाही उठत नाही. बापाच्या भूमिकेत टेली सवालास आहे.

मी ओहायोला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात हा भाग पाहिला. वर्षाअखेरीला इथे एका वाहिनीवर या मालिकेचे भाग दिवसरात्र सलग दाखवतात. बाहेर गुडघाभर बर्फ, नवरा कामावर, घरात मी एकटी. भीती वाटली, पण भीतीपेक्षा त्या बाहुलीचा चेहराच डोक्यात बसला. गोल गाल, नाकावर ठिपके, बघणाऱ्याकडे रोखलेले डोळे. कुठल्याही दुकानाच्या फळीवर दिसावी इतकी साधी बाहुली.

आणि ती खरोखरच दुकानातली होती. व्होग डॉल कंपनीची 'ब्रिकेट'. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डची ही कंपनी, जेनी ग्रेव्हज नावाच्या बाईंनी उभी केलेली. त्यांची आठ इंची 'जिनी' जास्त प्रसिद्ध. ब्रिकेट १९५९ पासून दोनतीन वर्षंच निघाली. व्हिनाइलचं, म्हणजे मऊ प्लास्टिकचं डोकं, नारिंगी केस, हिरवे डोळे, नाकागालांवर ठिपके, कमरेत गोळ्याचा सांधा. डोळे आडवं केल्यावर मिटतात आणि डावी-उजवीकडेही फिरतात. ती मुळात बोलणारी नव्हती आणि तिला किल्लीही नव्हती.

मला मिळालेली २२ इंची आहे. शेजारच्या गावात एका घरातलं सामान विक्रीला काढलं होतं, तिथे मिळाली. कुणा मुलीने केस टाळूपर्यंत कातरलेले, गालावर बॉलपेनची रेघ, पाठीत कमरेपाशी तडा आणि उजवा डोळा अर्धा मिटून अडकलेला.

गालावरची शाई मुरुमांवर लावतात त्या बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या मलमाने उतरवली. पातळ थर, वर प्लास्टिकचा कागद आणि खिडकीतलं ऊन. तीन दिवस हेच चाललं. मलम ठिपक्यांना लागू दिलं नाही, कारण ते रंगही खातं. ॲसिटोन मात्र व्हिनाइलजवळ चुकूनही नेऊ नका, चेहरा विरघळतो.

आता प्रश्न. भाग कृष्णधवल. पडद्यावर टीनाचे केस फिकट दिसतात, सोनेरी म्हणावेत असे. ब्रिकेटचे केस तर नारिंगी. टीना घडवणारी हौशी मंडळी दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडतात. पडद्यावर दिसते तशी सोनेरी केसांची करू, की हातात असेल तशी नारिंगी?

सुईदोरा

चिंधीताई, आधी एक सांगते, राग मानू नका. साठ वर्षांची मूळ बाहुली आहे. तिची टीना करून तुम्ही एक ब्रिकेट कमी करताय. मी जुन्या बाहुल्या सांभाळते, म्हणून जिवाला लागतं. केस जाऊ देत, पण पाठीत किल्लीसाठी भोक पाडणार असाल तर जरूर विचार करा.

चिंधीबाहुली

राग कसला, हाच विचार मी महिनाभर केला. धड सांध्यापाशी आडवं तडकलेलं आहे आणि तड्यातला एक तुकडा आधीच हरवलाय. किल्लीचं भोक त्या हरवलेल्या तुकड्याच्या जागीच येतं. नवा तुकडा मी वेगळा ओतून बसवणार, किल्ली त्यात. उद्या कुणाला तिची परत ब्रिकेट करावीशी वाटली, तर तो तुकडा काढला की झालं. मूळ प्लास्टिकला ड्रिल लावणार नाही. धड धडधाकट असतं तर मीही हात लावला नसता.

सुईदोरा

मग माझं काही म्हणणं नाही, उलट मदत करते. अडकलेल्या डोळ्यात शिवणयंत्राचं तेल सोडू नका, पुष्कळ जण हा उपाय सांगतात. दोन दिवस डोळा झकास चमकतो, मग तेलावर धूळ बसून चिकटा होतो. आणि डोळ्यांच्या मागे पापण्या मिटवणारं वजन असतं, ते जुन्या बाहुल्यांत शिशाचं असतं. हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

चिंधीबाहुली

शिशाचं सांगितलंत ते बरं झालं, हातमोजे घालतेय.

डोळ्याचं मात्र माझ्याकडून एकदा बिघडलं. मान मऊ व्हावी म्हणून डोकं गरम पाण्यात धरलं आणि पाणी डोळ्याच्या खोबणीत शिरलं. आतली तार लोखंडाची. रात्रभर तसंच राहिलं नि सकाळी खालच्या पापणीतून गंजाचा तांबूस ओघळ. आता डोळे पूर्ण बाहेर काढलेत. लिंबाच्या रसाचं बोट लावून तारेवरचा गंज उतरवला, लगेच पुसून कोरडं केलं. तुम्ही कुणी डोकं काढणार असाल तर पाण्यात बुडवू नका, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मानेवर सोडा. दोन मिनिटांत व्हिनाइल कणकेसारखं होतं, डोकं अलगद निघतं.

पडद्यामागे

रंगाबद्दल बोलायला मी आलोय. सत्तरीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवरच्या नाटकांना मी कपडे पुरवत असे. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि रंग आला १९८२ साली. मधली दहा वर्षं आमचं सगळं काम राखाडीत.

पोरी, कृष्णधवलमध्ये कापडाचा रंग बघायचा नसतो, त्याची राखाडी किती गडद येते ते बघायचं असतं. एकदा लाल साडी नि हिरवा काठ अशी झोकदार जोडी घेऊन गेलो. मॉनिटरवर बघतो तर काठ गायब! दोन्हींची राखाडी एकच. तेव्हापासून प्रत्येक कापड आधी दिव्याखाली कॅमेऱ्यासमोर धरायचं, मॉनिटरवर बघायचं आणि मगच शिवायला टाकायचं असा नेम केला. पांढरंशुभ्र तर वर्ज्यच, चेहऱ्यापेक्षा कापडच चमकायचं. सदरे चहाच्या पाण्यात बुडवून काढायचो. समोरून बघाल तर मळके, पडद्यावर स्वच्छ पांढरे.

आमचा होता व्हिडिओ कॅमेरा, तुमची मालिका फिल्मवर. पण तत्त्व तेच. तुमच्या बाहुलीचे नारिंगी केस त्या दिव्यांखाली फिकट आले असतील तर मला मुळीच नवल वाटत नाही. केस कसे दिसतात ते डोळ्याने ठरवू नका. दिव्याखाली ठेवा, फोटो काढा.

चिंधीबाहुली

काका, साष्टांग नमस्कार. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

लगेच करून पाहिलं. नारिंगी, सोनेरी आणि तपकिरी अशा नायलॉनच्या तीन बटा पुठ्ठ्यावर चिकटवल्या. जुना शंभर वॅटचा तारेचा दिवा लावला, फोनवर फोटो काढला, रंग काढून टाकला. नारिंगी बट मध्यम राखाडी आली, टीनाच्या केसांपेक्षा बरीच गडद. म्हणजे सोनेरीवाले बरोबर?

निनाद_डेट्रॉइट

थांबा, थांबा, फोनने फसवलंय तुम्हाला. फोन दिव्याचा पिवळेपणा ओळखतो आणि आपोआप काढून टाकतो. म्हणजे तुम्ही रंग काढायच्या आधीच फोनने दिव्याचा तांबडा भाग कमी केलेला असतो. फिल्म असं काही करत नाही. त्या काळची पँक्रोमॅटिक फिल्म लाल-नारिंगीलाही दाद देते, आणि तारेच्या दिव्यात लाल भाग जास्त, निळा कमी. त्यामुळे लाल-नारिंगी वस्तू फिल्मवर उजळ येतात, निळ्या काळवंडतात.

फोनच्या मॅन्युअल मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळवणी, ५५०० केल्विनवर, म्हणजे उन्हाच्या उजेडावर बांधून टाका. फोटो भडक पिवळा येईल, येऊ द्या. त्यावरून रंग काढा. तंतोतंत फिल्मसारखं होणार नाही, पण खूप जवळ जाईल.

चिंधीबाहुली

निनाद, पुन्हा केलं. सगळा पुठ्ठा हळदीने माखल्यासारखा आला. रंग काढला आणि मी खुर्चीतून उठलेच. नारिंगी बट फिकट राखाडी! सोनेरीच्या शेजारी ठेवली तर जेमतेम एक छटा गडद. भागातली थांबवलेली चौकट शेजारच्या पडद्यावर लावून ताडून पाहिलं, नारिंगी नेमकी जुळते. सोनेरी उलट जास्त पांढरी पडते.

म्हणजे भांडणच नाही. ब्रिकेटचे नारिंगी केसच टीनाचे फिकट केस. केसांचा रंग पक्का, नारिंगी.

सुईदोरा

वा! आता केस कसे रोवणार? टोप लावू नका, हात जोडते. टोपाची कड कपाळावर कळते.

चिंधीबाहुली

टोप नाही, एकेक रोवतेय. सुईच्या नेढ्याचं टोक पक्कडीने तोडलं की नेढ्याची दोन टोकं उरतात, बेचकीसारखी. ती सुई लाकडी मुठीत बसवली. केसांच्या दहाबारा धाग्यांची बट मधोमध दुमडायची, दुमड बेचकीत अडकवायची, आणि मूळ भोकातून डोक्याच्या आत ढकलायची. सुई मागे घेतली की दुमड आत राहते. कपाळापाशी भोकं दाट, मागे विरळ. एका बैठकीत तीन ओळी होतात, मग बोटं बधिर. आतून शेवटी पातळ गोंद. डोकं गार असेल तर व्हिनाइल फाटतं, म्हणून मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते आणि डोकं तिच्यावर ठेवते.

अवनी

मी हा भाग पाहिलेला नव्हता, तुमचा धागा वाचून काल रात्री पाहिला. मला एक सुचवायचंय. नेटवर ज्या टीना दिसतात त्यांतल्या कितीतरी जणींच्या डोळ्यांखाली काळं, गालावर भेगा, ओठांना लाल रंग ओघळलेला. भागात तसं काहीच नाही. ती शेवटपर्यंत स्वच्छ, गोड, इस्त्रीच्या कपड्यातली. कृपा करून तुम्ही तिला भुताटकीची करू नका.

चिंधीबाहुली

अवनी, माझ्या मनातलं बोललीस. म्हणूनच या बाहुलीच्या नादी लागले. ती खेळण्याच्या दुकानातून आली आहे हे विसरलं की सगळं संपतं. भेगा पाडल्या की आपण घाबरायच्या तयारीत तिच्याकडे बघतो. स्वच्छ चेहऱ्याकडे मात्र आपण विश्वासाने बघतो आणि तो विश्वासच मोडतो.

आवाजाचंही तेच आहे. टीनाचा आवाज जून फोरे यांचा. त्यांनीच मॅटेल या खेळणी कंपनीच्या 'चॅटी कॅथी'ला आवाज दिला होता. १९६० च्या सुमारास आलेली ही बोलकी बाहुली तेव्हा अमेरिकेत घरोघर होती. १९६३ च्या त्या रात्री कितीतरी घरांत लेकीच्या पलंगावर कॅथी असणार, आणि टीव्हीवरची बाहुली त्याच बाईच्या आवाजात बोलत होती. हा योग जुळवणाऱ्याला मी मानते.

म्हणून ठिपकेसुद्धा मूळ आहेत तेवढेच ठेवलेत. मलमाने दोन फिकट झाले होते, ते फक्त ॲक्रिलिकने भरले. वर स्प्रेचं वार्निश नाही. मऊ व्हिनाइलवर ते कायम चिकट राहतं, आतलं तेलकट द्रव्य वर येत राहतं म्हणून.

खटका

आवाजाचा विषय निघालाच आहे तर माझं खातं उघडतो. चॅटी कॅथीच्या पोटात खरीखुरी छोटी तबकडी होती. पाठीवरची कडी ओढली की दोरी स्प्रिंगला पीळ देते, दोरी परत जाताना तबकडी फिरते, सुई आवाज उचलते. सुरुवातीला ११ वाक्यं. त्याच्या कितीतरी आधी एडिसनने १८९० साली बाहुलीच्या पोटात मेणाचा सिलिंडर घातला होता, हाताने दांडा फिरवायचा. काही आठवड्यांतच तो धंदा गुंडाळावा लागला.

तुमच्यासाठी तबकडीचा उद्योग नको. अर्डुइनो नॅनो (आज्ञा भरता येतात असा चिमुकला संगणक), डीएफप्लेयर मिनी (कार्डावरचा आवाज वाजवणारा छोटा भाग), आठ ओहमचा छोटा स्पीकर आणि मेमरी कार्ड. अर्डुइनोकडून प्लेयरच्या आरएक्सला, म्हणजे संदेश घेणाऱ्या टोकाला, जाणाऱ्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर जरूर घाला, नाहीतर स्पीकरमध्ये गुणगुण येते. आवाज रेकॉर्ड करून ३०० ते ३००० हर्ट्झच्या बाहेरचं कापून टाका. तेव्हाच तो पोटातून आल्यासारखा वाटेल.

किल्ली कशी करताय? नुसती शोभेची?

चिंधीबाहुली

शोभेची नको. किल्ली दिल्यावर ती हळूहळू उलटी फिरायला हवी, आणि कर्रकर्र ऐकू यायला हवं. इथेच अडलेय.

खटका

मग १८ सुरांचं संगीतपेटीचं यंत्र घ्या. त्याच्यात स्प्रिंग, किल्ली आणि वेग आवरणारा पंखा तयार असतो. सुरांची फणी काढून टाका. पण ऐका, स्प्रिंग पूर्ण उतरल्याशिवाय फणीला किंवा पंख्याला हात लावायचा नाही. भरलेल्या स्प्रिंगवरचा पंखा सुटला तर सिलिंडर भिंगरीसारखा फिरतो, दात उडतात, डोळ्याला इजा होऊ शकते. चष्मा घाला.

फणी काढल्यावर सिलिंडरच्या टोकाला प्लास्टिकची एक चकती चिकटवा, चकतीला एक उंचवटा. उंचवटा दर फेऱ्याला मायक्रोस्विच, म्हणजे एक इवलंसं बटण, दाबेल, अर्डुइनो वाक्य सोडेल. एक फेरा साधारण पंधरा सेकंदांत होतो. किल्ली खरी, खरखर खरी, आवाज फक्त आजचा.

पडद्यामागे

वा रे पठ्ठ्या! आमच्या वेळेला तू असतास तर. पोरी, आवाज कुणाचा घालणार? मूळ भागातला उचलणार का?

चिंधीबाहुली

नाही काका. जून फोरे यांचा आवाज त्यांचाच. मी माझ्या आवाजात बोलले, इंग्रजीतच, कारण टीना इंग्रजीतच बोलते. पहिल्या वीस वेळा आवाज लाडिक झाला. मग लक्षात आलं की फोरे लाडिक करत नाहीत. खेळण्यातला आवाज असतो तसा सपाट, प्रत्येक वेळी तोच. धमकीसुद्धा त्याच सुरात. एकविसाव्यांदा मी दोन्ही वाक्यं पाठांतर म्हटल्यासारखी म्हटली आणि जमलं. बाहुली विकायची नाही, माझ्या कपाटातच राहणार.

निनाद_डेट्रॉइट

त्या भागाचं संगीत बर्नार्ड हरमननी दिलंय, तेही ऐका पुन्हा. बास क्लॅरिनेटचे खोल सूर आणि वर सेलेस्टा या पियानोसारख्या वाद्याची किणकिण. तुमच्या यंत्रातली खरखर त्याच्या शेजारी शोभून दिसेल.

चिंधीबाहुली

तीन आठवड्यांनी येतेय, कामाचा हिशोब देते.

केस झाले. डोळे बसले. उजवा डोळा आता डाव्याच्या क्षणभर मागून मिटतो. सुईदोराताई, तो दुरुस्त करता येईल का विचारणार होते, पण काल दिव्याखाली हळू तिरकी केली तर डोळा मिचकावल्यासारखी दिसली. भागातही ती डोळा मिचकावते! आता तो तसाच ठेवणार.

यंत्र बसलं. खटका, पहिल्या वेळी चकती सैल होती, वाक्य अर्ध्यावर परत सुरू व्हायचं. उंचवटा कानशीने घासून आखूड केला, आणि एक वाक्य संपेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही असं अर्डुइनोला सांगितलं. किल्ली सहा वेळा पिळली की साधारण अडीच मिनिटं चालते.

सुईदोरा

डोळा अजिबात दुरुस्त करू नका. फ्रॉकचं काय?

चिंधीबाहुली

कापडाच्या सहा तुकड्यांचा पुठ्ठा केला, निनादच्या पद्धतीने फोटो काढले, काकांच्या पद्धतीने राखाडी ताडली. फ्रॉकचं कापड मिळालं. कॉलरला दुकानातलं पांढरं कापड लावून पाहिलं, तर दिव्याखाली चेहऱ्यापेक्षा कॉलरच चमकली, अगदी काका म्हणाले तसं. आता तीन चमचे चहा पातेल्यात उकळून गाळलाय, कापड त्यात भिजत आहे. दहा मिनिटांनी काढून बघते, फिकट राहिलं तर आणखी दहा. वाळलं की उद्या कॉलर बेतते.